भेदरट गुरुजींची शाळा

ताराचंद गुरुजी भित्रे होते. ही काही निंदा नव्हे. एखादा माणूस उंच असतो, एखादा तिरळा असतो, तसे ते भित्रे होते आणि साऱ्या खैरबोडीला ते ठाऊक होतं. कुत्र्याला भ्यायचे, विहिरीला भ्यायचे, विजेला भ्यायचे. तपासणीच्या साहेबाची जीप जवळच्या नाकाडोंगरी गावाकडे वळली अशी नुसती आवई उठली तरी त्यांच्या हातातला खडू मोडायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. गुरुजींच्या पाठी त्याचं अख्खं कुटुंब असावं.

अशा माणसाची बदली कुठे व्हावी, तर जंगलाला लागून असलेल्या खैरबोडीला. एकाच मास्तराची शाळा, पहिली ते चौथी, कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. मोहाची फुलं गळायच्या दिवसांत अस्वलं गावाच्या कडेपर्यंत येतात हे ऐकल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची बायको कुंताबाई मात्र वाघाच्या काळजाची. ती सामानाची पेटी बांधता बांधता म्हणाली, "अस्वल तुमाले काय करन जी? तुमाले पाहून थेच पळून जाईन."

ही भीती कुठून आली, ते गुरुजी कोणाला सांगत नसत. लहानपणी ते मामाच्या गावी शिकायला होते. तिथल्या मास्तरांनी पाढा चुकला म्हणून त्यांना सामानाच्या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी लावली आणि शाळा सुटल्यावर विसरून घरी निघून गेले. अंधारात उंदीर पायावरून जात होते. पोर ओरडून ओरडून शेवटी ओरडायचंही थांबलं. मामा शोधत आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मोठेपणी हाच पोरगा मास्तर झाला, याला दैवाची चेष्टा म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पण त्यामुळे एक झालं. खैरबोडीच्या शाळेच्या दाराला बाहेरची कडी राहिली नाही. आल्या आल्या गुरुजींनी ती उपटून टाकली. छडी नव्हती. शाळेमागच्या उघड्या विहिरीभोवती त्यांनी स्वतः बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. गावाला वाटलं, मास्तर पोरांसाठी करून राहिला. खरं तर तो आधी स्वतःसाठी करत होता.

सत्यवती तिसरीत होती. जनाबाईची मुलगी, बाप खाणीत कामाला, आठवड्यानं घरी येणारा. पोर शांत, अक्षर मोत्यासारखं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात एका सकाळी ती धडा वाचता वाचता थांबली, डोळे वर गेले आणि धाडकन जमिनीवर पडून हातपाय झाडू लागली. तोंडाला फेस आला. पोरं किंचाळली. आणि गुरुजी? गुरुजी पळाले. लाज वाटते सांगायला, पण ते सगळ्यांच्या आधी ओसरीत होते.

आरडाओरडा ऐकून पोलीस पाटील मारोतराव धावत आले. गावात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्यांनी पायातला जोडा काढला आणि पोरीच्या नाकाशी धरला. मिरगी, म्हणजे फेफरं, आली की चामड्याचा वास द्यायचा, ही तिथली रीत. थोड्या वेळानं सत्यवती आपोआपच शांत झाली आणि यश जोड्याला मिळालं. तिनं डोळे उघडले तेव्हा दारात, खिडकीत, सगळीकडे माणसं होती. तिचा झगा ओला झाला होता. नाकावर जोडा होता. तिनं एकेक तोंड पाहिलं आणि डोळे पुन्हा मिटून घेतले, जणू बेशुद्धीच बरी होती. गुरुजींनी ते डोळे मिटणं पाहिलं आणि त्यांना सामानाच्या खोलीतला अंधार आठवला.

त्यानंतर तिच्या शेजारी कोणी बसेना. मिरगी एकाची दुसऱ्याला लागते, म्हणत. गुरुजी पोरांना बस म्हणायचे, पोरं बसायची आणि गुरुजींनी फळ्याकडे तोंड केलं की सरकायची.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिकडे मारबत काढतात. दारात खोवलेल्या पळसाच्या फांद्या घेऊन सारं गाव शिवेकडे निघतं आणि जे जे नकोसं असेल त्याचं नाव घेऊन ओरडतं: राईरोग, खासी-खोकला, घेऊन जा गे मारबत! फांद्या शिवेबाहेर फेकल्या की पीडा गेली. एकदा मारबतीला दिलेलं परत येत नाही, अशी लहानथोरांची पक्की समजूत.

सुटी संपून शाळा भरली तरी पोरांच्या अंगातली मारबत उतरली नव्हती. गुरुजींना वाटलं, चला, शाळेचीही मारबत काढू. छपरातल्या विंचवांनी त्यांची झोप उडवली होती. गेले तर बरंच. पळसाच्या फांद्या आल्या. अंगणात फेर धरला. गुरुजी ओरडले, "इंचू-काटा!" पोरं ओरडली, "घेऊन जा गे मारबत!" मग पोरांना चेव आला. खरूज, घेऊन जा! मच्छर, घेऊन जा! कोणीतरी "पाढे" म्हणालं आणि गुरुजीसुद्धा हसले.

तेवढ्यात पुष्पा ओरडली. पुष्पा म्हणजे मारोतराव पाटलांची नात, चौथीतली, वर्गाची मॉनिटर, आवाज खणखणीत. ती म्हणाली, "सत्यवतीची मिरगी!" पण ओरडण्याच्या तालात एवढं लांब बसेना. पोरांनी शेपूट तोडलं आणि नुसतं डोकं उचललं: "सत्यवतीले घेऊन जा गे मारबत! सत्यवतीले घेऊन जा गे मारबत!"

फेर थांबेना. सत्यवती फेरातच होती, तिच्याही हातात फांदी होती. गुरुजींनी ओरडायला तोंड उघडलं आणि लहानपणी त्या खोलीत झालं होतं तसंच झालं, शब्दच फुटेना. पोरं नाचत कुंपणापर्यंत गेली, फांद्या बाहेर फेकल्या आणि घाम पुसत परत आली. सत्यवती परत आली नाही. ती फांदीच्या मागोमाग बाहेर पडली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. गुरुजींना जेवण जाईना. शेवटी एका मधल्या सुटीत कुंताबाईनंच ताट बाजूला सारलं. "अन्नाले कायले बोट लावून राहिले? जा नं जनाबाईच्या घरी. तुमाले थे खाऊन टाकन का?"

जनाबाई अंगणात धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "थे बोडीवर गेली, बकऱ्या घेऊन."

 बोडी म्हणजे गावामागचं तळं, पावसाळ्यात काठोकाठ भरलेलं. "अवो जनाबाई, तिले मिरगी येते! एकटीले पान्यावर धाडलं?"

"मंग काय करू जी?" जनाबाईचा आवाज चढला आणि लगेच फुटलाही. "मले का समजत नाही? घरात राहा म्हनलं तं आयकत नाही. शाळेत पोट्टे तिले मारबतीले देतेत. बोडी तं काही म्हनत नाही तिले."

 गुरुजी बोडीकडे धावले. धावले म्हणजे त्यांच्या परीनं. बांधावरची माती निसरडी होती. त्यांना पोहता येत नव्हतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल बांधी, धानाचं चिखलाळ शेत. थोडं चालून ते मटकन खाली बसले. सत्यवती पलीकडे, अगदी पाण्याच्या कडेला, पाय सोडून बसली होती. इथे तिला झटका आला असता तर बकऱ्यांशिवाय कोणाला कळलं नसतं.

"सत्यवती, इकडं ये बाई."

"नाही जी." ती पाण्याकडेच पाहत होती. "मले तं मारबत घेऊन गेली नं. आता शाळेत कशी येऊ?"

ती रडत नव्हती, रुसली नव्हती. तिनं ते मान्य केलं होतं. गुरुजींच्या काळजात जे झालं ते लिहून समजणार नाही. त्यांना शास्त्र सांगायचं होतं, अंधश्रद्धा म्हणजे काय ते सांगायचं होतं, पण जिभेवर आलं ते खरंच आलं.

"पोरी, मले पान्याचा लय भेव लागते. मी अठी अडकून पडलो. मले खाली उतरव."

सत्यवतीनं मान वळवली. गुरुजी बांधावर दोन्ही हात टेकून, डोळे गच्च मिटून बसले होते. ती उठली, सावकाश चालत आली आणि तिनं त्यांचा हात धरला. "पाय आडवा टाका जी. हं, असा." शाळेच्या मास्तराला बोट धरून बांधावरून उतरवणारी ती पोर वाटेनं शेतावर निघालेल्या बायकांनी पाहिली आणि त्या पदर तोंडाला लावून हसल्या. गुरुजींनी मात्र खाली उतरल्यावरही तिचा हात सोडला नाही. थेट शाळेत घेऊन गेले.

त्या दिवशी गणित झालं नाही. गुरुजी पोरांपुढे जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आज सांगायचं, शाळेत कोनाले कशाचा भेव लागते. हसायचं नाही. आधी मी सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. कुत्रं, वीज, विहीर, साहेब, बंद दार. पोरं आधी फिदीफिदी हसली, मग गप्प झाली, मग एकेक हात वर येऊ लागला.

पुष्पाचा हात वर आला नाही. ती एकदम रडायलाच लागली. "मी मिरगी म्हनलं होतं जी! सत्यवतीची मिरगी म्हनलं होतं! पोट्ट्यायनं मिरगी खाल्ली. आता थे मरन का जी?" इतके दिवस ती पोर या भीतीनं घरी नीट जेवली नव्हती. पाटलांच्या घरात तिला कोणी विचारलं नव्हतं.

सत्यवतीनं तिच्याकडे पाहिलं. "अजून तं नाही मेली," ती म्हणाली. मग थोडा विचार करून सरकली आणि पुष्पाच्या शेजारी बसली.

त्या दिवशी मुलींनी आणखी एक सांगितलं, तेही एकमेकींच्या कानात सांगत सांगत शेवटी गुरुजींपर्यंत पोचलं. लघवीला शाळेमागे तरोट्याच्या झुडपात जावं लागे आणि पोरं आंब्यावर चढून पाहत. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नसत. गुरुजींचे कान लाल झाले. या गोष्टीची भीती त्यांच्या यादीत नव्हती, कारण ते पुरुष होते. आठवड्याच्या आत शाळेमागे बांबूच्या तट्ट्यांचा उंच आडोसा उभा राहिला. बांबू वाहायला त्यांनी आंब्यावर चढणाऱ्यांनाच लावलं.

मग ते जनाबाईला आणि सत्यवतीला घेऊन तुमसरच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि झटका आला तर काय करायचं ते समजावलं. जोडा नाही, तोंडात पाणी नाही, दातात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ द्यायचं आणि ती जागी होईपर्यंत थांबायचं. गुरुजींनी ते शाळेत शिकवलं, आणि कसं? स्वतः जमिनीवर आडवे पडून. "मी पडलो असं समजा," म्हणायचे आणि पोरं खिदळत त्यांना कुशीवर वळवायची.

हेच अंगाशी आलं. कोणीतरी कुंपणावरून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं: मास्तरालाही मिरगी लागली! पोट्टीची मास्तराले, आता मास्तराची साऱ्या लेकरांले.

दुसऱ्या दिवशी भर शाळेत मारोतरावांचं बोलावणं आलं. शाळा पुष्पाच्या हवाली करून गुरुजी चावडीवर गेले. सतरंजीवर चार कर्ती माणसं बसली होती. पाटलांनी बसा म्हटलं नाही.

"मास्तर, गाव काय म्हनून राहिलं, आयकलं का तुमी? उद्यापासून थे पोट्टी शाळेत नोको. नाही तं आमची लेकरं धाडत नाही. अन् भंडाऱ्याले अर्ज गेला, तं तुमाले कोन्या रानात फेकतेत ते पाहून घ्या."

गुरुजींच्या पाचावर धारण बसली.  'बरं जी' हे दोन शब्द ओठावर तयार होते. जन्मभर त्यांनी तेच म्हटलं होतं आणि ते किती सोपे होते! तेवढं म्हटलं की घरी जाता येत होतं. त्यांनी खांबाचा आधार घेतला.

"पाटील, मले तुमचा भेव लागते," ते म्हणाले.  "लय लागते. पन शाळेतून काढलं तं थे पोट्टी बोडीवर जाऊन बसन. मले त्याचा भेव तुमच्यापेक्षा जास्त लागते. मी तिले काढत नाही."

 पाटील काही बोलणार तेवढ्यात पहिलीतलं एक पोर धापा टाकत आलं. "गुरुजी! सत्यवती पडली!"

गुरुजी पळाले. या वेळी शाळेकडे. मागून पाटलांची पावलं वाजत होती, तीही जोरात. सारा रस्ता त्यांच्या डोळ्यांपुढे एकेक चित्र येत होतं: पायरीचा दगड, दगडावर डोकं, पोरं किंचाळत घराकडे पळालेली, खिडकीत माणसं. आणि पोरीला काही झालं तर? मीच तिला हाताला धरून आणली. बोडीनं नेली नाही, मी नेली.

शाळा दिसली तेव्हा त्यांना जास्तच धसका बसला, कारण आवाज नव्हता. ना रडणं, ना आरडाओरडा. ओसरीत सगळी पोरं ओळीनं उभी होती, दाराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. गुरुजींना पाहूनही कोणी हललं नाही.

ते दारात पोचले. आत मुलींनी गोल कडं केलं होतं. हातात हात धरलेले, तोंडं बाहेर, भिंतींकडे. मधल्या फटींतून सत्यवती दिसली, कुशीवर वळवलेली. डोक्याखाली कोणाचं तरी दप्तर होतं. अंग आता शांत होत होतं. तिच्यालगत पुष्पा पाठमोरी बसली होती, एक हात मागे नेऊन तिच्या खांद्यावर ठेवलेला. झगा ओला झाला होता. कोणीच तिकडे पाहत नव्हतं.

मारोतराव मागून आले. पायातला जोडा काढून त्यांनी हातात घेतला होता. ते आत पाऊल टाकणार तोच पुष्पा हळूच पण ठामपणे म्हणाली, "आबा, तिकडं तोंड करा."

"अवो, पन वास..."

"तिकडं तोंड करा नं, आबा. थे जागी होऊन राहिली. डोळे उघडले अन् सारे पाहून राहिले, असं दिसलं तं थे शाळेत पुन्हा येनार नाही."

पाटलांना त्यांच्या घरात, चावडीवर, साऱ्या गावात असं कोणी सांगितलं नव्हतं.  मग त्यांनी जोडा खाली ठेवला, त्यात पाय घातला आणि दाराकडे पाठ केली.

कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ द्यायचं, थांबायचं, हे गुरुजींनी शिकवलं होतं. पाठ करायचं त्यांनी शिकवलं नव्हतं; त्यांना सुचलंच नव्हतं.  ते वळले आणि पाटलांच्या शेजारी, पोरांच्या ओळीत, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

बऱ्याच वेळानं आतून सत्यवतीचा जड, झोपाळलेला आवाज आला.

"पुष्पे, कोनी पाहिलं का वो?"

"नाही. सारे रस्ता पाहून राहिले."